मोठ्यांना एक दिवसाआड

"अरे, पण मोठ्यांना आज घालायचं की उद्या? ते सांग ना आधी. आणि काकडी सालासकट की साल काढून?"

हॅलोबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडून मुलगा काहीतरी भरभर बोलला. त्या मान हलवत ऐकत राहिल्या. "बरं, तुला माहीत नसेल तर छकुलीला दे. तिलाच विचारते. शाळेत आहे? बरं, बरं. मग नंतर करते."

रिसीव्हर जागेवर गेला. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत त्या जरा वेळ बसल्या आणि त्यांनी पुन्हा रिसीव्हर उचलला.

"अहो आजी, आत्ताच तर केला होतात," सिस्टर दारातून म्हणाली.

"सालीचं राहिलंच ना विचारायचं."

सिस्टर काही खरी सिस्टर नव्हती. सासूचं अंथरुणातलं सगळं करता करता ती हे काम शिकली, आणि सासू गेल्यावर लोकांच्या म्हाताऱ्या माणसांचं करू लागली. पांढरा अ‍ॅप्रन मात्र ती हौसेने घालायची. त्यामुळे सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची आणि तिनेही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

हॅलोबाईंचं नावही इमारतीनेच ठेवलेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांचा जन्म गेला. गावातल्या जन्माच्या, मरणाच्या, जुळलेल्या आणि मोडलेल्या लग्नांच्या बातम्या त्यांच्या हातातल्या तारांमधून जायच्या. आता पाय गेले होते. दिवसभर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत असायच्या. उजव्या हाताला फोन आणि डाव्या हाताला स्टुलावर काचेची पेटी. पेटीत ओलसर माती, एक वाकडं लाकूड, आणि गोगलगायी. काही मोठ्या, काही अजून नखाएवढ्या.

या गोगलगायी नातीच्या होत्या. मुलाची बदली झाली आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी हललं, तेव्हा सून म्हणाली, नव्या घरात हा चिकट संसार नको. छकुली दोन दिवस जेवली नाही. शेवटी पेटी आजीकडे ठेवायचं ठरलं. निघताना तिने आजीला बोट उगारून सगळं समजावून सांगितलं. किती घालायचं, केव्हा घालायचं, काय चुकूनही घालायचं नाही. आजीने शाळेतल्या मुलीसारखं ऐकून घेतलं.

आणि आता रोज तेच विचारणं चालू होतं.

मुलगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तसं वाटण्याचा संभव आहे. आईचं दूध, औषध, सिस्टरचा पगार, नळ गळला तर प्लंबर, सगळं तो दुसऱ्या गावी बसून बिनबोभाट बघायचा. पण ऑफिसात साहेबासमोर उभं असताना खिशातला फोन थरथरायचा आणि पलीकडून प्रश्न यायचा, गाजर किसून घालू की चकती करून? माणसाच्या नाकी नऊ येणारच.

एकदा त्याने सिस्टरलाच फोन केला. "सिस्टर, खरं सांगा. आई दिवसभर हेच करते का?"

इथे सिस्टरने गप्प बसायला हवं होतं. पण त्याच्या आवाजात इतका शीण होता की तिला त्याची कीव आली, आणि माणसाला बरं वाटावं म्हणून आपण जशी हो ला हो करतो तशी ती बोलून गेली. "काय सांगू दादा, दहा वेळा सांगितलं तरी अकराव्यांदा तेच. सकाळचं दुपारी आठवत नाही. वयच झालं हो, विसरायच्याच." वर जराशी हसली. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या मनात काही नव्हतं.

"विसरते, असं म्हणता," मुलगा म्हणाला. तो हसला नाही.

त्यानंतर तो आला तो डॉक्टरला घेऊन. डॉक्टर त्याचा जुना मित्र होता. मऊ बोलायचा. त्याने हॅलोबाईंची नाडी पाहिली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, पेटीचं कौतुक केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग आजी, किती घालता यांना? किती वेळा?"

हॅलोबाईंनी मुलाकडे पाहिलं. किती दिवसांनी तो समोर उभा होता, आणि त्याच्या खिशात फोनही होता. त्यांच्या डोळ्यांत एकदम खोडकर चमक आली.

"मला कुठे काय आठवतंय," त्या म्हणाल्या. "त्यालाच विचारा. नाहीतर असं करा, छकुलीलाच लावा फोन. ती सांगेल बघा सगळं."

मुलगा आणि डॉक्टर यांनी एकमेकांकडे बघितलं. सिस्टर कपात चहा ओतत होती. तिने ती नजर पाहिली, पण तिचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही. फोन कुणी लावला नाही. जाताना डॉक्टरने गोळी लिहून दिली. पिवळी, मसुराएवढी. सकाळी एक, संध्याकाळी एक. "त्रास होणार नाही त्यांना. शांत राहतील."

शांत राहतील हे अगदी खरं झालं.

आधी फोन थांबले. मग बोटं वाजायची थांबली. हॅलोबाई खुर्चीत एका अंगाला कलंडून बसू लागल्या, चमच्यातलं सूप हनुवटीवर ओघळू लागलं, आणि ते पुसलं तरी त्यांना पत्ता नसायचा. पूर्वी सिस्टरने पडदा वाकडा सारला तरी त्या टोकायच्या. आता दुपारची उन्हं सरळ तोंडावर आली तरी पापणी हलेना. फोन वाजला तर मुलगाच असायचा, आणि तो सिस्टरशीच बोलायचा.

"कशी आहे?"

"शांत आहेत."

"बरं झालं. सुटली बिचारी."

सिस्टरचं काम निम्म्याने कमी झालं. ती खिडकीशी बसून शिवण करू लागली. खरं तर अशी नोकरी मिळायला भाग्य लागतं. पण त्या खोलीत आता सुई कापडातून गेलेलीही ऐकू यायची, आणि सिस्टरला ते आवडेना. ती उगाच भांडी वाजवायची. उगाच मोठ्याने बोलायची. "आज काय गरम होतंय नाही आजी?" उत्तर तिचं तीच द्यायची.

गोगलगायींचं काम तिच्याकडे आलं होतं. सिस्टरच्या माहेरी पाहुण्याला पोट फुटेस्तोवर वाढल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. तिने त्याच हिशेबाने पेटीत अर्धी काकडी, मूठभर कोबी, गाजराचे तुकडे टाकले. संपलं नाही तर संपलं नाही, दुसऱ्या दिवशी त्यावर ताजं. थोड्याच दिवसांत खालचं काळं पडलं, बुळबुळीत झालं. पेटीतून आंबूस वास येऊ लागला. गोगलगायी मातीवर उतरेनात. सगळ्या वर झाकणाला जाऊन चिकटल्या, जितकं लांब जाता येईल तितक्या लांब. सिस्टरला वाटलं, खाऊन तृप्त झाल्यात.

एका सकाळी ती नवी काकडी चिरून घालायला गेली, तर तिच्या अ‍ॅप्रनला कुणीतरी धरलं.

"आज नाही."

हॅलोबाईंची जीभ जड झाली होती, पण डोळे पेटीकडे होते.

"काय म्हणालात आजी?"

"आज नाही. काल घातलंस. मोठ्यांना एक दिवसाआड. लहानांना रोज, संध्याकाळी." प्रत्येक शब्द त्या चढणीवरून ओझं ओढल्यासारखा ओढत होत्या. "चकती नखासारखी पातळ. शंखाएवढी एकेकाला, जास्त नाही. सकाळी उरलेलं काढून टाकायचं. अंड्याचं टरफल वाळवून, कुटून, चिमूटभर. नाहीतर एकमेकांचे शंख खरवडून खातात त्या. मिठाचा हात लावायचा नाही. किती सडवलंस गं तू हे सगळं."

सिस्टर सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "तुम्हाला सगळं ठाऊक आहे की!"

"मला ठाऊक नसणार? छकुलीने सांगितलंय."

"मग सारखं फोन करून का विचारत होतात?"

हॅलोबाईंनी डोळे मिटले. त्यांना पुन्हा झोप लागली असं सिस्टरला वाटलं. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "आमच्या एक्स्चेंजात पाहिलंय मी. कामाचा कॉल असला की माणूस घेतो. नुसतंच 'कसा आहेस' विचारणाऱ्याला म्हणतो, नंतर करा. विचारायला काहीतरी हवं ना बाई."

सिस्टरने त्या दिवशी पेटी रिकामी करून धुतली, नवी माती घातली. हाताला काम होतं, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. विसरतात, हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने म्हणाले.

दुपारी तिने मुलाला फोन लावला. "दादा, आजी काही विसरत नाहीत. मला सगळं घडाघडा सांगितलं त्यांनी. मुद्दाम विचारायच्या त्या. छकुलीशी बोलायला मिळावं म्हणून."

"सिस्टर, तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते. चुकले मी."

"तुम्ही डॉक्टर आहात का? गोळी चालू ठेवा." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "किती दिवसांनी मी धड काम करतोय, माहितेय? ठेवतो."

घरी सिस्टरचा नवरा गुडघे धरून बसलेला असायचा. संसार तिच्याच कामावर चालला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपण सांगितल्या कामाचे धनी. आई त्यांची, गोळी त्यांची. तू कशाला मध्ये पडतेस? हे काम गेलं तर दुसरं काय तुझी वाट बघत बसलंय?" त्याचंही चुकत नव्हतं. सिस्टर गोळ्या देत राहिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. हॅलोबाई निमूट तोंड उघडायच्या, पाणी प्यायच्या, आणि मान पेटीकडे वळवायच्या.

तरीही सकाळी त्या थोड्या हुशार दिसू लागल्या. पडदा वाकडा आहे म्हणाल्या. सिस्टरला इतका आनंद झाला की तिने तो दोनदा सारखा केला. गोळी अंगवळणी पडली असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

मग ती गोगलगाय सापडली.

सगळ्यांत मोठी, तपकिरी शंखाची. छकुली तिला आजीबाईच म्हणायची. ती मातीवर शंखातून पूर्ण बाहेर सांडलेली होती. सिस्टरने बोट लावलं. एरवी बोट लागायच्या आत शिंगं आत जायची. आता काहीच आत गेलं नाही. सगळं अंग तसंच लोळागोळा पडून राहिलं. शेजारी काकडीची चकती होती. सिस्टरने ती उचलली तर खाली पिवळा लगदा होता. तिने माती उकरली. आणखी एक पिवळा डाग, आणि एक अर्धी विरघळलेली गोळी.

एवढाशा जिवाचं जे झालं होतं ते तिच्या समोर पडलं होतं, आणि तीच गोळी ती रोज आपल्या हाताने त्या बाईच्या जिभेवर ठेवत होती.

"आजी, तुम्ही गोळ्या यात टाकता?"

हॅलोबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "मेली का गं?"

"मेली."

"मी मुद्दाम नाही गं केलं. गालात ठेवायची नि तू गेलीस की काढायची. पण ठेवू कुठे? केराची टोपली तू बघतेस, उशी तू झाडतेस. माझा हात पोचतो तो फक्त इथवर. मातीत पुरल्या. मला वाटलं, मातीत काय होतंय?" त्या रडू लागल्या. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारख्या. "मला झोपायचं नाही गं. सारखं झोपवतात मला. मेल्यावर आहेच की झोप. आता छकुलीला काय सांगू मी?"

सिस्टरने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. अ‍ॅप्रन ओला झाला. "गप्प, गप्प," ती म्हणत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की त्या घरात सगळे त्यांना एवढंच सांगत आले होते.

पेटीतली माती तिने बदलली, आणि त्या संध्याकाळपासून गोळी दिली नाही. पाकीट कपाटाच्या खणात तसंच पडून राहिलं. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही.

हॅलोबाई परतल्या. आधी बोटं वाजू लागली, मग तोंड सुरू झालं. सूप अळणी आहे, शिवणीचा टाका लांब पडलाय, शेजारीण दुसऱ्यांच्या घरात फार डोकावते. पेटीतल्या लहान गोगलगायी आता झाकणावरून खाली उतरत होत्या. संध्याकाळी चकती घातली की दोघी खिडकीशी बसून त्यांचं खाणं बघायच्या. कान देऊन ऐकलं तर त्यांचं कुरतडणं ऐकू येतं, असं हॅलोबाईंचं म्हणणं होतं. सिस्टरला काही ऐकू आलं नाही, पण ती हो म्हणाली.

आणि एका सुट्टीच्या दिवशी पलीकडे चक्क छकुलीनेच फोन उचलला. हॅलोबाई उजव्या हाताने रिसीव्हर आणि डाव्या हाताने सिस्टरचं मनगट धरून बोलत होत्या. "हो, सगळ्या मजेत. आजीबाई? आहे की, झोपलीय ती. तू सांग, लहानांना गाजर चालेल का?" पलीकडून बारीक आवाजात लांबलचक उत्तर आलं. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मध्येच कुणीतरी पलीकडचा फोन काढून घेतला, पण तोवर पुष्कळ ऐकून झालं होतं. त्या रात्रीपर्यंत खुशीत होत्या. सिस्टर मात्र खुशीत नव्हती. हे फार दिवस चालायचं नाही, हे तिला दिसत होतं.

मुलगा न कळवता आला. बूट दारात काढून तो थेट कपाटाकडे गेला. खण उघडला. पाकीट हातात घेऊन पाहिलं. हॅलोबाईंचा खुर्चीत डोळा लागला होता. साधा, दुपारचा.

"तुम्ही म्हणजे अगदी गोगलगाय आणि पोटात पाय निघालात की हो, सिस्टर," तो स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला. "मी विश्वासाने घर सोपवलं तुमच्यावर."

"दादा, त्यांना काही झालेलं नाही. शपथेवर सांगते. त्यांना तुमच्याशी बोलायचं असतं. एवढंच."

तो स्टुलावर बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड चोळलं. केस मधूनमधून पांढरे झाले होते.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

सिस्टरला वाटलं, आपण काहीतरी वेगळंच ऐकलं.

"मला कळत नाही का? माझी आई आहे ती. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण मी काय करू? इथे येऊन राहू शकत नाही, तिला तिकडे नेऊ शकत नाही. घरात रोज त्यावरून भांडण. ती जागी असली की मला कुठेही तिचा आवाज येत राहतो. ती झोपलेली असली की मी झोपतो." त्याने वर पाहिलं. "तुम्ही सांगा मला, मी काय करू?"

सिस्टरला त्याचा राग आला होता, आणि त्याला भरून आलेलं पाहून तो राग धरवतही नव्हता. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

तो उठला. पेल्यात पाणी घेतलं आणि बाहेर गेला.

"आई."

हॅलोबाईंनी डोळे उघडले. "आलास? अगंबाई, कधी आलास? छकुली?"

"शाळा आहे तिची. आई, आ कर."

त्यांनी त्याच्या तळहातावरची गोळी पाहिली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावरून दारात उभ्या असलेल्या सिस्टरकडे. सिस्टरला ती नजर सहन झाली नाही, पण तिने मान वळवली नाही. गाल आहे, पेटी आहे, ती मनात म्हणत होती. आजी, गालात ठेवा.

हॅलोबाईंनी तोंड उघडलं. मुलाने गोळी जिभेवर ठेवली, पेला ओठांना लावला. पाणी घशाखाली गेलेलं स्पष्ट दिसलं. मग कुणी न सांगता त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, जीभ उचलून दाखवली, एका गालातून दुसऱ्या गालात फिरवून दाखवली.

"गेली बघ," त्या म्हणाल्या. "आता बसशील ना जरा?"

तो शेजारी खुर्ची ओढून बसला. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या नव्या घराला ऊन येतं का, एवढं विचारलं. येतं म्हणाला. त्यांची मान हळूहळू एका अंगाला झुकली. तो आणखी थोडा वेळ बसला, एकेक बोट सोडवून हात काढून घेतला, आणि दाराशी येऊन बूट घालू लागला.

"संध्याकाळची तुम्ही द्या."

"मी देणार नाही, दादा."

त्याने बंद बांधता बांधता मान वर केली नाही. "मग मी दुसरी कुणी बघतो. उद्यापासून."

"बघा."

जिन्यावरची पावलं खाली जाईपर्यंत ती थांबली. मग आत आली आणि त्याच्या खुर्चीत बसली. हॅलोबाईंचे हात मांडीवर तसेच होते, त्याचा हात होता तेवढी जागा सोडून. सिस्टरने त्या जागेत आपला हात ठेवला. बोटं मिटली.

"बसलास ना?" त्या झोपेतच म्हणाल्या.

सिस्टर हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. हात तेवढा तिने काढला नाही.